चार तऱ्हेचे बटाटे

एक सांगा, मटणाच्या ताटात बटाटा दिसला तर तुमच्या मनात पहिल्यांदा काय येतं?

आमच्या कोल्हापुरात एकच येतं, की मटण कमी पडलं. माणसं वाढली की घरची बाई गुपचूप दोन बटाटे चिरून रश्श्यात टाकते, आणि पाहुणाही ते गुपचूप ओळखतो. मी इथंच जन्मले, इथंच नांदते, आणि ऐन वेळी हे मला आठवलं नाही. (कोणत्या लग्नात कुणी मला हलकी साडी नेसवली, ते मात्र सगळं आठवतं.)

त्याचं असं झालं. आमची निशा पुण्यात नोकरी करते. मागच्या खेपेला येताना तिनं वडिलांसाठी कबाब भाजायची शेगडी आणली. आमचे हे, म्हणजे बाबासो, ती गच्चीत मांडून दोन दिवस नुसते तिच्याभोवती फिरले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आक्काला बोलवूया जेवायला."

मी निवडत असलेली भाजी खाली ठेवली.

आक्काताई ह्यांच्या थोरल्या बहीण. गारगोटीला असतात. सहा वर्षांपूर्वी घर बांधून झालं, तेव्हा आम्ही सगळ्या पाहुण्यांना मटणाचं जेवण घातलं. घरच्याच म्हणून आक्काताईंना शेवटच्या पंगतीला बसवलं, आणि तोवर मटण संपलं. त्यांच्या ताटात नुसता रस्सा आला. वाढप माझ्याकडं होतं, तेव्हा चूक कुणाची हे वेगळं सांगायला नको. त्या चारचौघांत म्हणाल्या, "सख्ख्या भनीला एक फोड न्हाय व्हय रं?" आणि भाकरी तशीच ठेवून उठल्या.

त्यानंतरही त्या यायच्या. चहा घ्यायच्या. ताटं मांडायची वेळ झाली की त्यांच्या एसटीची वेळ व्हायची. त्या गेल्या की हे पेपर उघडून बसायचे आणि बराच वेळ पान उलटायचे नाहीत.

म्हणून या वेळी मी ठरवलं, काही म्हणजे काही कमी पडू द्यायचं नाही. आक्काताई, त्यांचे मालक कृष्णातदाजी, त्यांचा पृथ्वीराज आणि आम्ही तिघं. सहा माणसांना तीन किलो मटण आणलं आणि दह्या-मसाल्यात मुरवत ठेवलं.

"आई, कबाबबरोबर साइडला बटाटा लागतो," निशा म्हणाली.

"कोण म्हणतंय?"

"सगळं जग म्हणतंय."

जगानं तिच्या फोनवर बावीस प्रकार दिले होते. त्यातले मी चार केले. मसाला लावून भाजलेले बटाटे, दह्यातलं सॅलड, काचऱ्या, आणि एक मॅश की काय म्हणतात ते, जे मला शेवटपर्यंत फोडणी द्यायची राहिलेल्या भाजीसारखंच दिसत होतं. एखादा पदार्थ नाही आवडला तर दुसरा असावा, एवढाच माझा हेतू.

पाहुणे संध्याकाळी मुक्कामालाच आले. एसटीची वेळ कुणी काढली नाही. खाली सोप्यात ताटं मांडली. वर गच्चीत मात्र वाऱ्यानं कोळसे पेटेनात. रिकामी ताटं बरी दिसत नाहीत म्हणून मी तोवर बटाटे वाढले, चारी तऱ्हेचे, भरपूर.

आक्काताईंनी ताटाकडं पाहिलं. मग दाजींकडं पाहिलं. दाजींनी छताकडं पाहिलं.

अर्ध्या तासानं कबाबांची पहिली प्लेट खाली आली. आक्काताईंनी त्यातला सगळ्यात लहान तुकडा उचलला. पृथ्वीराजचा हात दुसऱ्या तुकड्याकडं गेला.

"पृथ्व्या, बटाटं खा की. काय झ्याक झाल्यात," आक्काताई म्हणाल्या.

"आई, मी मगापासनं बटाटंच खातोय."

"मग आजून खा."

दाजी म्हणाले, "मला तर दातामुळं मटण चालतच न्हाय." (गेल्या महिन्यात एका लग्नात ह्याच दाजींनी हाडं फोडलेली मी स्वतः बघितली होती.)

अर्धी प्लेट परत घेऊन मी वर गेले.

"काय म्हणतीया आक्का?" ह्यांनी विचारलं.

"बटाटे चांगले झालेत म्हणतात."

"आणि कबाब?"

मी प्लेट पुढं केली. ह्यांनी एक तुकडा तोंडात टाकून बघितला. कच्चा नव्हता, मीठही बरोबर होतं. हे बराच वेळ पंख्यानं वारा घालत राहिले. मग म्हणाले, "मग तिला आपल्या घरचं नकोच असंल."

जिना उतरताना वाटलं, माणूस रागावून ताटावरून उठतो ते निदान दिसतं तरी. हसतमुखानं बसून कबाब टाळतो, त्याला काय म्हणायचं? जे खातायत ते तरी पोटभर खाऊ देत, म्हणून मी पुन्हा बटाटे वाढले. पृथ्वीराजनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याला परीक्षेला बसवलंय.

तिसऱ्या वाढीनंतर आक्काताई माझ्यामागून स्वयंपाकघरात आल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, "पूर्णिमा, राग मानू नगंस. मटण कमी पडणार हुतं तर फोन करायचास. येताना मी आणलं असतं."

मी बटाट्यांचं भांडं खाली ठेवलं.

"आणि ह्या बारीला मी काय बोलणार न्हाय. एका फोडीपायी सहा वर्षं भावाच्या घरात जेवले न्हाय मी. आता आठवलं की माझंच मला कसंतरी हुतंय. पोरालाबी दटावलंय, कबाब बाबासोला ऱ्हाऊ देत म्हणून."

मी ओट्यावरच्या मोठ्या पातेल्याचं झाकण काढलं.

"ह्ये काय?"

"मटण."

"कवाचं?"

"आजचंच. तीन किलो आणलंय."

आक्काताई पातेल्यात वाकून बघत राहिल्या. "मग ह्ये बटाटं?"

"ते बाजूला असतात."

"कशाच्या बाजूला?"

ते निशालाच ठाऊक. म्हटलं, "तुम्हाला काही कमी पडू नये म्हणून केले होते." त्यांनी माझा हात धरला, आणि मग सोडून सरळ जिना चढायला लागल्या.

वर जाऊन भावाला म्हणाल्या, "बाबासो, सरक. मला हितंच वाढ."

शेगडीजवळ उभं राहून त्यांनी दोन तुकडे खाल्ले. तिसरा हातात घेऊन थांबल्या. "लई भारी झाल्यात रं. पण पोटात जागा न्हाय. तुझ्या बायकूनं सगळं बटाट्यानं भरलंय."

हे सहा वर्षांनी असे हसले. हसण्याच्या भरात सगळं मटण भाजून काढलं, आणि खायला कुणी नव्हतं. दाजी दातांबद्दल काही न बोलता चार तुकड्यांवर थांबले. पृथ्वीराज चटईवर आडवा झाला होता, कबाबाचं नाव काढलं की कूस बदलायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आधी आक्काताईंनी माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेऊन उरलेले सगळे कबाब तांबड्या रश्श्यात सोडले होते, आणि एवढ्या रश्श्याला ते पुरणार नाहीत म्हणून त्यात चार बटाटे चिरून घातले होते.