न सुटणारा अंबाडा

चांदणीची वेणी सुटली ती नेमकी बीमवर. बीम म्हणजे चार फूट उंचीवर आडवी ठेवलेली, जेमतेम चार इंच रुंद अशी पट्टी, आणि तिच्यावर उभं राहून दहा वर्षांच्या पोरीने गिरकी घ्यायची. चांदणीने घेतली. वेणीही तिच्यामागोमाग आली, पण पोर थांबली तरी ती थांबेना. रिबिनीसकट फाटकन डोळ्यांवर बसली आणि चांदणी खाली गादीवर. तीन क्लिपा तीन दिशांना. सरावाची स्पर्धा होती म्हणून निभावलं. खरी निवड पुढच्या शुक्रवारी ठाण्याला होती आणि तिथे पहिल्या तिघींत आली तरच पुण्याला, राज्य स्पर्धेला जायला मिळणार होतं.

निशा मॅडम दुसऱ्याच दिवशी नवघरला घरी आल्या. या बाई शाळेत जिम्नॅस्टिक्स शिकवत आणि चहा हातात यायच्या आधी मुद्द्याचं बोलून टाकत. "केस कापा, नाहीतर असे बांधा की जागचे हलणार नाहीत. परत सुटले तर मी तिला बीमवर चढू देणार नाही. डोकं फुटेल एखाद्या दिवशी."

चांदणीची आई, अंबिका, हो म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई इंदुबाई दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. घरातलं काहीही महत्त्वाचं इंदुबाई ओट्यावरूनच बोलत, म्हणजे आळीला वेगळं कळवायला नको.

"लगीन होईस्तवर या केसांना कात्री लागनार न्हाय. मी बोलले म्हंजे बोलले."

झालं. इंदुबाईंनी बोललेला शब्द मागे घेतल्याचं आळीत कुणाला आठवत नव्हतं. एकदा रागाच्या भरात त्या "चहा सोडला" म्हणाल्या होत्या, तर चौदा वर्षं प्यायल्या नाहीत. आता यात चांदणीला कुणी काही विचारलं का? छे. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, कापा. तिला पुण्याला जायचं होतं. केसांचं तिला काही पडलेलं नव्हतं.

इंदुबाई नुसत्या नाही म्हणून गप्प बसणाऱ्या नव्हत्या. नवघरपासून उत्तनच्या वेशीपर्यंत कितीतरी नवरीमुलींचे अंबाडे त्यांनी बांधले होते. हळदीला रात्रभर नाचून नवरी घामाने निथळायची, पण अंबाड्यातला एक केस इकडचा तिकडे व्हायचा नाही, अशी त्यांची ख्याती. हे जिम्नॅस्टिक म्हणजे काय, नाचच ना, असं त्या म्हणाल्या आणि पोरीला पुढ्यात घेऊन बसल्या. तेल, गंगावन, काळा दोरा, मूठभर केसांचे आकडे. तासाभराने चांदणीच्या मानेवर नारळाएवढा अंबाडा उभा राहिला. दिसायला झकास.

चांदणीने गोधडीवर कोलांटी मारली. अर्ध्यावर अंबाडा जमिनीला टेकला आणि पोर तिथून घसरून थेट तांदळाच्या डब्यावर गेली. इंदुबाईंनी डब्याला दोष दिला. मग त्यांनी अंबाडा वर, टाळूवर नेला. मागची कोलांटी घेताना तो आधी टेकला आणि मान मुरगळली. मग दोन बाजूंना दोन छोटे बांधले, तर तेल ओघळून पोरीच्या हातांना लागलं आणि ती खिडकीच्या गजाला लोंबकळली तशी सटकन खाली आली. गुरुवारी कोपरावरचं काळंनिळं बघून निशा मॅडमनी तंबीच दिली, की स्पर्धा होईपर्यंत घरी एकही उडी मारायची नाही.

आता आली पंचाईत. अंबाडा तर बांधायचा, पण तो टिकतो की नाही हे बघायचं कुणावर? इंदुबाईंचं वय अडुसष्ट. त्यांचा मुलगा बाळाराम, म्हणजे चांदणीचा बाप, तिशीतच डोक्यावरच्या केसांतून मोकळा झालेला. राहिली अंबिका. कमरेपर्यंत केस, दणकट बांधा. चौथीत असताना तिने शेवटची कोलांटी मारली होती. तिने खूप आढेवेढे घेतले, पण पोर हिरमुसून कोपऱ्यात बसलेली बघितली आणि पदर खोचला.

शुक्रवारी पहाटे इंदुबाईंनी नवा अंबाडा बांधला. तेल नाही, गंगावन नाही. पाण्याचा हात लावून केस ओढले, चपटा पेढा वळला आणि दोऱ्याने असा आवळला की अंबिकाच्या भुवया वर गेल्या. हा टिकला की तस्साच पोरीला बांधायचा. ठाण्याला न्यायला मॅडमची मॅटाडोर गाडी नाक्यावर आठला येणार होती. साडेसहाला अंबिकाने देवाला नमस्कार केला, लाज गिळली आणि गोधडीवर कोलांटी घेतली. अंबाडा टिकला. दुसरी घेतली, टिकला. इंदुबाईंचा चेहरा खुलला. पोरी तर दहा-दहा मारतात, थांबू नको, असं त्यांनी फर्मावलं. आठव्या कोलांटीला दोरा तुटला. नवव्या कोलांटीला आकडे उडाले. दहावीनंतर अंबिका उठून बसली ती केस मोकळे, कुंकू कपाळभर फासलेलं, श्वास फुललेला, आणि खोली फिरत असल्यामुळे तीही तिच्याबरोबर घुमतेय.

नेमकी त्याच क्षणी शेजारची शालू विरजणाला ताक मागायला दारात आली. वार शुक्रवार, देवीचा. समोर मोकळ्या केसांनी घुमणारी सून, शेजारी हात जोडून उभी सासू. खरं तर इंदुबाईंनी डोक्याला लावायला नेलेले हात वाटेतच थांबले होते, पण शालूला काय कळणार. वाटी तिथेच ठेवून ती मागच्या पावली पळाली. दहा मिनिटांत आळीतल्या बायका हळदकुंकू, ओटीचे खण-नारळ घेऊन घरात. दार अडलं, खिडकी अडली. बाळाराम दाढी करत होता. तो अर्ध्या तोंडाला फेस तसाच घेऊन बाहेर आला, बायकोला बघितलं आणि सगळ्यांत आधी त्यानेच हात जोडले.

अंबिकाने सांगून बघितलं. दम खात खात म्हणाली, मी कोलांट्या मारत होते. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि भक्तिभावाने माना हलवल्या. बरोबरच आहे. दहा वर्षांच्या पोरीची आई सकाळी साडेसहाला सासूसमोर कोलांट्या मारते, यापेक्षा देवी आली हेच कुणालाही पटण्यासारखं होतं. तिने मदतीसाठी इंदुबाईंकडे बघितलं. एका वाक्यात त्या सगळं मिटवू शकल्या असत्या, पण त्या वाक्यात इंदुबाईंचा अंबाडा सुटला हे आलं असतं. त्यांनी मुकाट्याने उदबत्ती लावली.

शालूने पोराचं लग्न कधी जमेल ते विचारलं. दुसरीने हरवलेल्या डोरल्याचं विचारलं. रांग दाराबाहेर गेली. अंबिकाने घड्याळाकडे बघितलं, सात वीस. कोपऱ्यात चांदणी स्पर्धेचा पोशाख घालून, केस पिंजारलेले, पिशवी पोटाशी धरून उभी होती. डोळे भरून आलेले. सात पंचवीस. अंबाडा तर गेलाच होता. या गर्दीतून नवा बांधायला ना जागा ना वेळ. अंबिकाच्या मनात आलं, या घरात आपलं कुणी ऐकत नाही, लग्नाला बारा वर्षं झाली, कधी ऐकलं नाही. आणि आज पंचवीस बायका तोंडाकडे बघत बसल्यात की ही काय बोलते.

तिने पुन्हा घुमायला सुरुवात केली. या खेपेला मुद्दाम.

"मला केस पायजेत," ती म्हणाली. आवाज जाडा काढायला गेली तो सर्दी झाल्यासारखा निघाला, पण चालून गेला.

कुणाचे, म्हणून शालूने विचारलं. अंबिकाने चांदणीकडे बोट केलं. सगळ्या माना हळूहळू इंदुबाईंकडे वळल्या, कारण ओट्यावरचा शब्द सगळ्यांनी ऐकलेला.

"मानेच्या वरपर्यंत कापलेले पायजेत," अंबिका डोळे मिटून म्हणाली. मग एक डोळा किलकिला करून घड्याळ बघितलं. "कपाळावर एक केस नको. आणि आठच्या आत."

इंदुबाई सुनेकडे बघत राहिल्या. केवढा तरी वेळ. मग म्हातारीने पदर सारखा केला, हात जोडले आणि बाळारामाला कात्री आणायला सांगितलं.

आठला दोन कमी असताना चांदणी आईसोबत मॅटाडोरमध्ये चढली. डोकं हलकं झाल्यामुळे ती मान सारखी इकडेतिकडे हलवून बघत होती. ठाण्याला ती बीमवर चढली, गिरकी घेतली आणि जिथे थांबायचं तिथे थांबली. दुसरी आली. निशा मॅडमनी विचारलं, आजींना कसं काय पटवलंत. अंबिका म्हणाली, मी नाही पटवलं, आणि विषय बदलला.

संध्याकाळी अंबिका घरी आली ती मनात चोर घेऊन. पेढ्यांचा पुडा तिने देवापुढे ठेवला. इंदुबाई चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. अंबिका शेजारी बसली आणि एकदाचं सांगून टाकायचं म्हणून म्हणाली, "आई, सकाळी ते… देवी नव्हती."

इंदुबाईंनी भाकरी उलटली. "साठ वर्सं देवी आंगात येताना बघतेय मी. एकीनं पन घड्याल बघितलं न्हाय. तू पाच वेला बघितलंस. आन आठच्या आत? देवीला कंची गाडी पकडायची व्हती?"

"मग केस कापलेत कशाला?" अंबिकाने विचारलं.

"माजा अंबाडा सुटला ना, गो." म्हातारीने पीठ मळता मळता मान फिरवली. "पोर रडत व्हती. मना काय दिसत न्हाय? पन सगल्या गावासमोर बोलून बसलेले. तुजं आयकलं असतं तर गाव हसला असता. देवीचं आयकलं, कोन हसनार?"

अंबिकाचे डोळे भरून आले. बारा वर्षांत पहिल्यांदा तिला या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण इंदुबाईंचे हात पिठाचे होते.

"पुन्याला कोन कोन जानार?" इंदुबाईंनी विचारलं.

अंबिका म्हणाली, हे आणि मी.

"मी पन येनार. नातीची उडी मी अजून बघितली न्हाय. दुपारी बालारामाला दोनदा बोलले, तर बोलला, म्हातारपनी दगदग कशाला, घरी बस." त्यांनी तव्यावरची भाकरी उगाचच फिरवली. "माजं पन या घरात कोन आयकतंय? पुढच्या शुक्रवारी जरा त्याला सांगशील?"

अंबिका हसायला लागली. मग बघितलं, तर सासू हसत नव्हती. बाहेर बाळारामाची स्कूटर येऊन थांबली.

"शुक्रवारपर्यंत कशाला थांबायचं?" अंबिका म्हणाली, आणि केसांतला आकडा काढून, केस मोकळे सोडत तिने तो सासूच्या हातात दिला.