बोरकुटेकाकांची पोच

आमच्या शेजारचे बोरकुटेकाका सकाळी दारात येतात तेव्हा त्यांच्या एका हातात शेवग्याच्या शेंगा असतात आणि दुसऱ्या हातात निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही. शेंगांच्या आधी वही पुढे येते. तिच्यात त्यांनी घरूनच लिहून आणलेलं असतं, 'शेवग्याच्या शेंगा, नग सहा, ताज्या.' समोर सहीची जागा रिकामी असते. मी सही केली की शेंगा माझ्या ताब्यात मिळतात.

"पोच पायजे, मॅडम," ते म्हणतात. "उद्या तुम्ही म्हणाल, शेंगा भेटल्याच नाही."

मी असं का म्हणेन, हे विचारणं मी कधीच सोडून दिलं. पण कुकरच्या शिट्ट्या होत असताना, कॉलेजची बस गाठायची असताना, सहा शेंगांसाठी सही ठोकताना माझा पारा चढतो हे कबूल करते. एकदा रागाने मी नुसती आडवी रेघ ओढली. काकांनी वही डोळ्यांजवळ नेली, "ही सही बँकेत चालन का?" म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. मी मुकाट्याने पूर्ण नाव लिहिलं.

काकांनी एका सरकारी कार्यालयात बत्तीस वर्षं आवकच्या टेबलावर काढली. बाहेरून येणारा प्रत्येक कागद जिथे पहिल्यांदा उतरतो ते हे टेबल. अर्ज घ्यायचा, नोंदवहीत चढवायचा आणि अर्जदाराच्या प्रतीवर शिक्का, क्रमांक, तारीख टाकून सही द्यायची. हीच ती पोच. काका निवृत्त झाले, पण टेबल त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. माझ्या नवऱ्याने एकदा त्यांना फोनवर संदेश पाठवला, 'काका, तब्येत कशी आहे?' पाच मिनिटांत उत्तर आलं, 'आपला संदेश प्राप्त झाला. यथावकाश कळविण्यात येईल.' संध्याकाळी ते स्वतः आले आणि "बरी आहे" एवढं सांगून परत गेले.

कॉलनीत लागलेली कोणतीही सूचना ते आधी त्रुटींसाठी वाचतात. एकदा हळदीकुंकवाच्या आमंत्रणावर तारीख राहून गेली, तर तो कागद त्यांनी देशमुखबाईंच्या घरी परत नेऊन दिला. बाईंनी विचारलं, "तुम्हीच का नाही लिहिली?" काकांना हे आवडलं नाही. "लोकाच्या कागदाले आपला पेन लावाचा नाही," ते म्हणाले. "त्रुटी दाखवाची, भराची नाही. आपण भरली तं तो कागद त्याचा राहत नाही." एवढा एकच नियम मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकला असेल.

अशा माणसाकडे माझी मुलगी गौरी आपण होऊन गेली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

हुडकेश्वरला आमच्या घरामागे महापालिकेचं एक समाजभवन आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका चालते. लांब टेबलं, खुर्च्या, दोन पंखे, बस्स. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पंधरा-वीस पोरं तिथे दिवसभर बसतात. गौरी हौसेने जायची. तिची मैत्रीण प्रज्ञा गरजेने जायची. प्रज्ञाच्या घरी दीड खोली, त्यात आईचं शिलाई मशीन आणि दोन धाकटे भाऊ. परीक्षा तीन महिन्यांवर आली होती आणि एका सकाळी अभ्यासिकेच्या दारावर कागद चिकटला, की जुनं कार्यालयीन सामान ठेवण्यासाठी ही खोली महिनाअखेर रिकामी करण्यात येईल. प्रज्ञाने तो कागद दोनदा वाचला. नंतर गौरीला म्हणाली, "माह्या घरी पुस्तक उघडलं की आधी त्यावरचे दोरे झटकावे लागतात वं." 

मग दोघींनी अर्ज लिहिला. चार पानी. सुरुवात 'युवक हे देशाचे भवितव्य आहे' अशी आणि शेवटी सात मागण्या. अभ्यासिका वाचवा, पिण्याच्या पाण्याची टाकी द्या, गतिरोधक करा, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करा, वगैरे. काकांनी तो आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत वाचला.

"हा अर्ज आहे का किराण्याची यादी?" त्यांनी विचारलं. "सात गोष्टी मागशीन तं साहेब कोणती करते, माहीत आहे का? सगळ्यात सोपी. कुत्रे पकडाले गाडी येऊन जाईन न तुमची अभ्यासिका जाईन. कागद परत."

दुसरा अर्ज दोन पानांचा झाला, तोही परत. तिसऱ्यात मागणी एकच होती, पण अर्ज कोणाला उद्देशून आहे तेच नव्हतं. चौथ्या वेळी गौरी चिडली. "काका, तुम्हीच लिहून द्या ना. दहा मिनिटांचं काम आहे तुमचं."

"माही खोली जाऊन राहिली का?" काका शांतपणे म्हणाले. "ज्याची खोली, त्याचा अर्ज."

पाचवा अर्ज एका पानात बसला. मग तालीम सुरू झाली. काका साहेब झाले. माझ्या टेबलाच्या टोकाला चष्मा नाकावर घेऊन बसले आणि मुली समोर आल्यावर कानाला फोन लावून कोणाशी तरी बोलायला लागले. दहा मिनिटं बोलले. फोन बंद होता. मुली आधी हसल्या, मग कंटाळल्या, मग गौरीने "सर" म्हणून हाक मारली.

"थांबाची सवय कर," फोन कानाला तसाच ठेवून काका म्हणाले. "साहेब पाहून राहिला का तू किती शांत आहेस."

फोन खाली ठेवल्यावर गौरीने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "सर, आमच्यावर अन्याय होत आहे." काकांनी लगेच खुर्ची मागे सरकवली. खरोखर सरकवली, फरशीवर ओरखडा आहे अजून.

"पाहिलं? अन्याय म्हटलं का साहेब मागं सरकते. त्याले वाटते आता भांडण आहे. आधी त्याची अडचण काय, ते पाहावं. तुह्यावर दुश्मनी आहे का त्याची? त्याच्याजवळ सामान ठेवाले जागा नाही. त्याची अडचण सुटल्याबिगर तुही सुटत नाही."

हे प्रज्ञाने बरोबर उचललं. दुसऱ्या दिवशी ती आईचा शिवणकामाचा टेप घेऊन समाजभवनात गेली. खालच्या मजल्यावर स्टेजमागे एक खोली वर्षानुवर्षं पडून होती. चौकीदाराला सांगून तिने ती उघडवली, मोजली, वरची अभ्यासिकाही मोजली आणि वहीच्या कागदावर नकाशा काढून आणला. खालची खोली मोठी निघाली. काकांनी नकाशा उलटा, सुलटा, उजेडात धरून पाहिला. त्रुटी सापडली नाही. त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा लपत नव्हती.

मग त्यांनी दिवस ठरवला. सोमवार नको, बैठका असतात. शुक्रवारी लोकांचं मन घरी गेलेलं असतं. बुधवार, सकाळी अकरा. महापालिकेच्या झोन कार्यालयातल्या अधिकारी मॅडम एक वाजेपर्यंत नागरिकांना भेटतात. एकनंतर त्या पाहणीला निघणार होत्या आणि पुढचे दहा दिवस प्रशिक्षणाला. म्हणजे महिनाअखेरीच्या आत हा एकच बुधवार होता. मी कॉलेजला रजा टाकून सोबत गेले. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, खिशात दोन पेनं.

आवकच्या टेबलावर कोणी नव्हतं. खुर्चीच्या पाठीला रुमाल, टेबलावर उघडी नोंदवही, शिक्का आणि शाईची गादी. समोर रांग. बाबू चहाला गेल्याचं रांगेतल्यांनी सांगितलं. आम्ही थांबलो. बारा वाजले. काका त्या नोंदवहीकडे अशा नजरेने पाहत होते की मला आधीच काळजी वाटायला हवी होती. मी फोनमध्ये डोकं घातलं होतं. वर पाहिलं तर रांग चालायला लागली होती.

काका खुर्चीत बसले होते. अर्ज घेत होते, क्रमांक टाकत होते, शिक्का मारत होते. एका म्हाताऱ्या बाईचा कागद त्यांनी परतही केला, "सही राह्यली, आई," म्हणून. रांगेतले लोक खूश होते, इतकं भराभर काम त्या टेबलावर बहुधा कधी झालं नसावं. मुलींचा अर्ज आला, त्यालाही शिक्का पडला. एवढ्यात एक तरुण माणूस चहाचा कप घेऊन टेबलाजवळ येऊन उभा राहिला.

"रांगेत या, भाऊ," काका मान वर न करता म्हणाले.

"काका," तो म्हणाला, "ते माही खुर्ची आहे."

काकांच्या हातातला शिक्का तसाच थांबला. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, नोंदवहीतल्या आपल्या अक्षराकडे पाहिलं आणि ताडकन उठले. तो पोरगा हसत होता, "राहू द्या काका, चांगलं चाललं होतं" म्हणत होता. पण काकांचा चेहरा उतरला होता. "नाही," ते म्हणाले. "मले अधिकार नाही. ह्या साऱ्या पोचा रद्द. पहिल्यापासून घ्या."

साडेबारा वाजून गेले होते. रांगेतले लोक ओरडायला लागले. मुलींच्या प्रतीवरचा शिक्का काका स्वतःच्या हाताने खोडत होते. माझा तोल गेला. "काका, एक वाजता मॅडम निघून जातील. तुमच्या नियमापायी मुलींची अभ्यासिका जाईल."

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "उद्या कोणी म्हटलं का अर्ज खोट्या हातानं घेतला, तं काय दाखवाल?"

मी घड्याळ पाहिलं. प्रज्ञाने तोवर नकाशा उचलला होता. "काका, तुम्ही कागद घेऊन या," ती म्हणाली, "मी तोवर आत जातो." आणि गौरीला घेऊन ती गेलीही. मी दारापर्यंत पोचले तेव्हा मॅडम फोनवर होत्या. खराखुरा फोन. प्रज्ञा हात बांधून शांत उभी होती. गौरी काही बोलणार तेवढ्यात प्रज्ञाने तिचा हात दाबला.

फोन संपला. प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, सामान ठेवायला तुम्हाला जागा पाहिजे. समाजभवनात खाली एक मोठी खोली रिकामी आहे. मी मापं आणली आहेत. ती चालली तर वर आमचा अभ्यास चालू राहील."

मॅडमनी नकाशा ओढून घेतला. खुर्ची मागे नाही, पुढे सरकली. "कशाने मोजलं?"

"आईच्या टेपनं. ती शिवणकाम करते."

"अर्ज कुठे आहे?"

एकला सात-आठ मिनिटं कमी होती. काका दारातून आत आले, ताज्या शिक्क्याचा अर्ज टेबलावर ठेवला आणि बाहेर गेले. मॅडम म्हणाल्या, पाहिल्याशिवाय मी शब्द देत नाही, आताच पाहणीला निघतेय, रस्त्यात तुमचं समाजभवन पाहते. परत येताना काका ऑटोत कोपऱ्यात बसले होते. वाटेत मनीषनगर लागलं. मग म्हणाले, "ते शिक्क्याचं हातानं केलं हो, मॅडम. मी नाही केलं." 

पत्र महिना संपायच्या आत आलं, प्रज्ञाच्या नावे. सामान खालच्या खोलीत ठेवण्यात येईल, अभ्यासिका पूर्ववत चालू राहील, चावी विद्यार्थी प्रतिनिधीच्या ताब्यात राहील. काकांनी ते आमच्याकडे बसून जावक क्रमांकापासून मोठ्याने वाचलं. मग परत वाचलं. मग घडी घालून ते टेबलावर ठेवलं.

"बत्तीस वर्षं मी पोच देल्ली," ते म्हणाले. "लोकं शिक्का पाहून खुश होऊन जात. पण कागद पुढे कुठं जाते, त्याचं काय होते, मले कधी दिसलं नाही. जावकचं टेबल दुसऱ्या मजल्यावर होतं. आज पहिल्यांदा पाहून राहिलो, पोचलेला कागद."

त्या गडबडीत त्यांची निळी वही आमच्या टेबलावर राहिली. परत द्यायला निघाले आणि, खरं सांगते, माझी रेघ अजून आहे का ते पाहायला मी ती उघडली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'कुसुमला जाऊन पंधरा दिवस झाले. आज दिवसभर कोणाशी बोललो नाही. उद्यापासून रोज एक सही घ्यावी.' कुसुम म्हणजे आमच्या काकू. पुढे पानंच्या पानं. शेंगा, लिंबं, कढीपत्ता. नळ दुरुस्तीवाल्याची सही. कुरिअरवाल्याची सही. आणि मधूनमधून, तारखेसमोर, त्याच सुबक अक्षरात, 'आज सही नाही.' माझी रेघ त्यांनी ठेवली होती. मला तिची इतकी लाज वाटली की वही देताना मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

गौरीला मी सांगितलं. गौरीने प्रज्ञाला सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही तिघी काकांच्या दारात होतो. प्रज्ञाने अर्ज पुढे केला. विषय होता, अभ्यासिकेची चावी आपल्याकडे ठेवून रोज सकाळी सही घेऊन देणेबाबत.

काकांनी चष्मा लावला. "चावी तं तुह्या ताब्यात देल्ली आहे ऑफिसनं. मले काहून?"

"माह्या घरी हरवते, काका. कपड्यांच्या ढिगात."

"जोडपत्र?"

"चावी जोडली आहे."

ते वाचत राहिले. मीही बाजूने वाचत होते आणि मला दिसलं, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. प्रज्ञा तारीख टाकायला विसरली होती. काकांची नजर तिथे जाऊन थांबली. गौरीने माझ्याकडे पाहिलं. आता कागद परत, असं आम्हा दोघींनाही वाटलं.

काकांनी खिशातलं पेन काढलं, कागद दाराच्या चौकटीवर टेकवला आणि आपल्या हाताने तारीख लिहिली.