तिसरी सूचना

टण्ण! स्वयंपाकघरात चमचा पडला आणि मोठ्या कष्टाने जमवलेली शांतता फुटली. दचकून सूनबाईने मान वळवली. तिथेच घात झाला!

सकाळी ऑनलाइन परीक्षेला बसण्याआधी तिने सासूबाईंना छाती ठोकून सांगितलं होतं, "आज टाचणी पडल्याचाही आवाज होणार नाही. चोख बंदोबस्त केलाय!" दारावरची बेल बंद केली, गळक्या नळाला फडकं बांधलं, लेकीला रंगीत खडू देऊन सासूबाईंच्या खोलीत बसवलं. चमचा तेवढा राहिला!

"नजर स्क्रीनवर ठेवा. पहिली सूचना!" लॅपटॉपमधली पहारेकरी बाई कडाडली.

तिसऱ्या सूचनेला पेपर आपोआप बंद. लेक झोपली की चोरून चोरून केलेला अभ्यास, अख्खं वर्ष, सगळं पाण्यात!

सासूबाई धावत आल्या. "अगं, चमचाच पडला, घाबरू नकोस!" आणि खांद्यावरून थेट कॅमेऱ्यात डोकावल्या.

"दुसरी व्यक्ती आढळली. दुसरी सूचना!"

"आढळली? मी काय झुरळ आहे? कोण गं ही भवानी?"

ओठ हलले तरी ती बाई पकडते! डोळे पडद्याला खिळवून सूनबाई टेबलाखालून 'जा, जा' असा हात करू लागली.

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक. "अगं बाई! हिची दातखीळ बसली! हातही झटकतेय! थांब, शेजारच्या डॉक्टरीणबाईंना आणते!"

चपला फटफटत जिन्यात गेल्या. आता डॉक्टरीणबाई डोकावल्या की पेपरचा निकाल इथेच! सूनबाईने शेवटचा प्रश्न उघडला. विषय बालविकास. 'मुलांच्या प्रश्नांना लगेच उत्तर देणे का आवश्यक आहे?'

ती भराभरा टाइप करू लागली. तेवढ्यात टेबलाखाली काहीतरी सरपटलं. खडूने माखलेले दोन चिमुकले हात तिच्या गुडघ्याला बिलगले. खाली बघायची सोय नाही, हूं म्हणायची सोय नाही. दुरून जिन्यात पावलं वाजू लागली.

"आई," खालून कुजबुज आली, "तुझा पाय थरथरतोय. तू त्या बाईला घाबरतेस?"

नजर पडद्यावरून न हलवता सूनबाईने एका हाताने ते मऊ केस चाचपले.

"मग मला का सांगतेस, मोठी माणसं घाबरत नाहीत म्हणून?"