जिन्यातली विजार

हो म्हणताना कारकुनाने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पाणीपुरवठा कचेरीच्या तक्रार खिडकीमागे बारा वर्षं बसलेल्या माणसाला एक सवय लागते. समोरचा काहीही बोलो, आपण म्हणायचं, "नोंद घेतली आहे." बायको म्हणाली, "तीन महिने दोघांनी नीट तयारी करायची. सगळं नैसर्गिक. मग बघू." तो म्हणाला, "नोंद घेतली आहे." झालं! (कचेरीत नोंद घेतल्यावर पुढे काहीही होत नाही. घरात होतं, हे लग्नाला पाच वर्षं झाली तरी त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.)

तयारी बाळाची होती. दोन वर्षं वाट बघून झाली होती. दर महिन्याला एक दिवस बायको न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडायची आणि हा दाराबाहेर उभा राहून विचारायचा, "टॉवेल देऊ का?" दुसरं काय विचारावं ते त्याला सुचायचं नाही, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटायचं. म्हणून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तक्ता चिकटला तेव्हा तो चरफडला, पण तक्ता त्याने तसाच राहू दिला.

बायको शाळेत वेळापत्रक लावायची. चाळीस शिक्षकांना तासाला जुंपणाऱ्या बाईला एक नवरा म्हणजे किरकोळ काम. चहा बंद. तळलेलं बंद. सकाळी उपाशीपोटी मधात मुरवलेला लसूण, वर चार अक्रोड, मग पाऊण तास चालणं. आणि खाली, खास त्याच्यासाठी, लाल शाईत: 'सैल, पातळ, सुती कपडे. कमरेखाली गरम काहीही नको.'

"हे कशाला?"

"पुरुषांना तिथे उष्णता चालत नाही. मी वाचलंय."

"अगं, बाहेर दात वाजताहेत!"

"मग वर दोन स्वेटर घाल. वर काय करायचं ते कर."

हेही निभावलं असतं. पण घरात आई होती, आणि आईला यातलं काही सांगायचं नव्हतं. आईला सकाळी सांगितलं तर दुपारपर्यंत सगळ्या मावश्या, आत्या आणि खालचा दूधवाला 'काय, काही बातमी?' म्हणून विचारायला मोकळे. आणि आईची स्वतःची मोहीम वेगळीच. थंडी पडली की ती घरातल्या प्रत्येकाची प्रतिकारशक्ती वाढवायला घ्यायची: वाफ, आल्याचं पाणी, कानाला फडकं. यंदा तिने मुलासाठी लोकरीची विजार विणली होती. विटकरी रंगाची, घोट्यापर्यंत, आतून घालायची.

"लहानपणी तुझी छाती कशी भरायची, आठवतंय?"

"आई, छाती वर असते."

"थंडी खालूनच चढते. घाल!"

रोज सकाळी आई दारात उभी राहून त्याच्या मांडीला चिमटा काढून बघायची. लोकर हाताला लागली तरच दार उघडायचं. (वय वर्षं छत्तीस. कचेरीत लोक त्याला साहेब म्हणतात.)

दोन बायकांच्या मध्ये सापडलेला माणूस काय करणार? त्याने तोडगा काढला. विजार घालून घराबाहेर पडायचं, दोन जिने उतरून विजेच्या मीटरांच्या आडोशाला ती काढायची, डब्याच्या पिशवीत कोंबायची, आणि संध्याकाळी तिथेच पुन्हा चढवून वर यायचं. दिवसातून दोनदा एका पायावर उड्या मारत त्याने हे तब्बल चार आठवडे केलं. प्रतिकारशक्ती वाढली की नाही ठाऊक नाही, सर्दी मात्र कायमची मुक्कामाला आली.

पाचव्या सोमवारी पँट गुडघ्याखाली आणि विजार अर्ध्यात असताना वरून पावलं वाजली. तळमजल्यापर्यंत दरारा असलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई समोर उभ्या.

"हे काय चाललंय?"

कारकुनाच्या तोंडून सवयीने निघालं, "तक्रार असेल तर नोंद घेतो."

तक्रार होतीच. ती पाच मिनिटांत, हाताला धरून आणलेल्या आरोपीसकट, आईसमोर दाखल झाली. बायको शाळेत निघाली होती, ती दारातच थबकली.

"तुमचे चिरंजीव जिन्यात कपडे काढतात."

"कशासाठी?" आईने मुलाला विचारलं.

खोटं बोलायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात त्याला तीन शिंका आल्या. तो वैतागून ओरडला, "बाळासाठी!"

"जिन्यात?" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

"जिन्यात फक्त काढतो!"

बाई मटकन स्टुलावर बसल्या. मग बायकोलाच सगळं सांगावं लागलं: तक्ता, अक्रोड, लाल शाई. सांगता सांगता तिचा आवाज बारीक झाला. "आई, मी पण सगळं पाळतेय. लसणाने सकाळी मळमळतं, पण शरीर साफ होताना तसं होतं म्हणे. पाळीही लांबलीय. खाणं बदललं की लांबते."

आईने चष्मा काढला. "किती लांबलीय?"

"तीनेक आठवडे असतील. मी मोजणं सोडलंय, आई. मोजलं की त्रास होतो."

आईने सरळ चप्पल घातली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, दोनदा खात्री केली आणि म्हणाल्या, "अभिनंदन! दिवस राहून पाच आठवडे झालेत." बायकोने नवऱ्याचा हात असा धरला की त्याच्या बोटांना कळ आली. त्याने हात सोडवला नाही. डोळ्यांतलं पाणी त्याने सर्दीच्या नावावर खपवलं.

मग त्याच्या डोक्यात हिशोब पेटला.

"पाच? पथ्याला तर चारच झालेत! म्हणजे त्या वेळी मी दिवसाला सहा चहा पीत होतो. तळलेलं खात होतो. पँट घट्ट होती!" तो खुर्चीतून उठला. चार आठवड्यांचा लसूण, जिन्यातल्या उड्या, सगळं अंगातून उसळून आलं. "ना तक्ता, ना विजार! म्हणजे हे जे झालं ते निव्वळ माझ्या..."

"खाली बस," आई म्हणाली. "मी कधीची सांगतेय. हा एखाद्या कामात मन लावून मेहनत घेत नाही, तोवरच ते धड होतं."

बायको दोन वर्षांत पहिल्यांदाच पोट धरधरून हसली. आणि डॉक्टरीणबाईंनी, कुणी विचारलेलं नसताना, तारखा पुन्हा एकदा बघून मान डोलावली. "तारखांवरून तरी," त्या म्हणाल्या, "तुमच्या आईचं बरोबर आहे."