चढावरचं पेटंट

"माझ्या तोंडून चकार शब्द निघणार नाही, वकीलसाहेब! अहो, पेपर फुटू नये म्हणून परीक्षेच्या दिवसांत मी तोंडाला रुमाल बांधून झोपायचो!"

सेवादास गुरुजींनी नागपूरच्या वकिलाला फोनवर असं ठणकावलं आणि त्याच दिवशी बोरी अरबच्या रस्त्यावरच्या आपल्या घराचं फाटक लावून घेतलं.

गोष्टच तशी होती. गुरुजींनी विजेच्या स्कूटरची रेंज वाढवायचं यंत्र बनवलं होतं! फवारणी पंपाचं इंजिन, त्याला जोडलेला डायनॅमो आणि शाळेच्या फुटक्या घंटेचा लोलक. स्कूटर चढाला लागली की लोलक मागे झुकायचा, बटण दाबायचा आणि इंजिन सुरू होऊन बॅटरीला वीज पुरवायचं. सपाटी आली की लोलक सरळ, इंजिन गप्प.

"इंजिन लावणं जुनंच आहे, गुरुजी," वकील म्हणाला होता. "पण हा लोलक नवा. त्याचं पेटंट मागू. फक्त अर्ज दाखल होईपर्यंत कोणाला दाखवू नका, सांगू नका. चारचौघांत गेलं की नवेपण संपलं!"

गुरुजींना अट सोपी वाटली. सांगायला होतंच कोण? निवृत्तीनंतर शाळा सुटली होती, पत्नी लालीबाई वारल्या होत्या. मुलगा सुनील पुण्यात. त्याचा फोन यायचा तो गाडी चालवताना. "बाबा, सिग्नल सुटला, ठेवतो!"

उरले होते फक्त चार्जिंगवाले. दारव्ह्याहून निघालेल्या स्कूटरी नेमक्या गुरुजींच्या घरापुढच्या चढावर मान टाकायच्या. मग मोबाईल दुरुस्त करणारा मोईन, गावची आशा सेविका बबिता, असं कोणी ना कोणी गाडी ढकलत अंगणात यायचं, वायर लावायचं आणि बाजेवर टेकायचं. बॅटरी भरेपर्यंत चहा, चहाबरोबर विज्ञानाचा एक धडा. बॅटरी भरली तरी गुरुजी म्हणायचे, "बसा, अजून मुरू द्या!" जसं काही ते लोणचंच होतं!

पण आता अंगणात यंत्र होतं. म्हणून वायर भिंतीवरून बाहेर गेली. चहाही भिंतीवरूनच बाहेर गेला.

"गुरुजी, आमचं काही चुकलं काय?" बाहेरून बबिता विचारायची.

"नाही वं पोरी!"

"मंग फाटक काहून लावून राह्यले?"

"थंडी वाजते!"

मे महिना होता. यवतमाळच्या उन्हात डांबर पातळ झालं होतं.

थोडेच दिवस, गुरुजी स्वतःला समजवायचे. एकदा पेटंट मिळू दे! मग लांबलांबून माणसं येतील, विचारतील, 'गुरुजी, हे कसं केलं?' त्या एका प्रश्नासाठी तर सारा खटाटोप!

अर्जाआधी एकदा यंत्र दूरवर चालवून पाहावं म्हणून गुरुजींनी ते स्कूटरच्या मागच्या सीटवर बांधलं. वर लालीबाईंनी शिवलेली गोधडी पांघरली, आरसे-कवड्या लावलेली. आज बोरी अरबचा बाजार आहे, हे मात्र साफ विसरले!

बाजाराच्या गर्दीत स्कूटरचं पुढचं चाक मुरमाच्या ढिगावर चढलं आणि गाडी नाक वर करून अडकली. बिचाऱ्या लोलकाला वाटलं, चढ आला. फट् फट् फट्! गोधडीखालून इंजिन सुरू झालं, थांबायचं नाव घेईना.

"गुरुजी, आत बकरी हाय काय?"

"बकरी फटफट करते काय बे? दारूची भट्टी होय! गुरुजी, तुमीसुदिक?"

"धूर पाहा, धूर! पेटली वं माय!" भाजीवाल्या नंदाबाईनं पालेभाजीवर शिंपडायचं पाणी बादलीसकट फेकलं. पाणी यंत्रावर, बादली गुरुजींवर! इंजिन खोकून विझलं, गोधडी घसरली आणि गुपित भर बाजारात उघडं पडलं.

मोईन गर्दीतून पुढे आला. हातात मोबाईल, चित्रण सुरू. "गुरुजी, हे काय होय? कसं चालते हे?"

गुरुजींनी ओठ आवळले. दात आवळले. पण कोणीतरी प्रश्न विचारला होता! शाळा सुटल्यापासून त्यांना ऐकणारे भेटले होते, विचारणारा कोणी नव्हता. हात आपोआप खिशात गेला. खिशात खडू होता.

"असं पाहा," दुकानाच्या शटरवर चित्र काढत गुरुजी म्हणाले, "बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी. इंजिन चाक फिरवत नाही, फक्त टाकीत पाणी सोडतं. आता हा लोलक. चढावर तो कुठं जाईल? तू सांग, हिरवा शर्ट!"

"मागं!"

"शाब्बास! कोणाला नाही समजलं? हात वर!"

नंदाबाईनं हात वर केला. मग गुरुजींनी पहिल्यापासून पुन्हा शिकवलं, अगदी कोणती तार कुठं जोडायची इथपर्यंत.

घरी पोचेपर्यंत वकिलाचा फोन आला. "गुरुजी, मला एक व्हिडिओ आलाय. तुम्ही कोणाला सांगितलं तर नाही ना?"

"नाही, नाही. फक्त... बाजाराला."

पेटंट गेलं. पण त्या संध्याकाळी गुरुजींनी फाटक सताड उघडलं, बाज झटकली, चांगलं मोठं पातेलं भरून चहा ठेवला. आता विचारायला रीघ लागणार!

कोणी आलं नाही. गुरुजींनी शिकवलंच इतकं नीट होतं की विचारायला काही उरलंच नव्हतं.

काही दिवसांनी चढावर फटफट ऐकू आली. गुरुजी धावत फाटकात गेले. मोईनची स्कूटर! मागे पंपाचं इंजिन, लोलकाच्या जागी बैलाच्या गळ्यातली घंटा.

"गुरुजी, मस्त चढून राह्यली! आता तुमाले तरास नाही!" ओरडत मोईन निघूनही गेला. मागोमाग बबिता. तिनं नुसता हात हलवला. मग आणखी कोणी. चढावर आता कुणाचीच गाडी मान टाकत नव्हती. भिंतीवर वायरचं वेटोळं तसंच टांगलेलं, पातेल्यात आजचाही चहा आटून काढा झालेला.

गुरुजींनी वकिलाला फोन लावला.

"साहेब, नवा शोध. स्कूटरची रेंज कमी करायचं यंत्र. गाडी बरोबर माझ्या फाटकापाशी बंद पडली पाहिजे. आधी कोणी केलंय का असलं?"

वकील म्हणाला, "नाही, गुरुजी. पण असलं यंत्र हवंय कोणाला?"

"मले," गुरुजी म्हणाले. आणि लगेच घाईघाईनं, "पण हे कोणाला सांगू नका बरं!"