सरदारांचा लॉक आणि ओढ्यापलीकडील बारसे

श्रीगजवदन प्रसन्न. जेथे चाक चालत नाही तेथेही जो वाट देतो, त्यास वंदून लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, श्रावणमास. राज्यात हैबतराव नामे सरदार थोर मानी, पदरी चौचाकी जीपगाडी बाळगून होते. त्यांची कांता सगुणाबाईसाहेब घाटापलीकडे माहेरी प्रसूत होऊन कन्यारत्न जाहले. सरदारांनी लेकीचे मुख अद्याप पाहिले नव्हते. जीव कासावीस जाहला, अन्न गोड लागेना. मग बारशाचा दिवस नेमला आणि कानात नाव सांगावे हा मान आत्याचा, म्हणोन वडील भगिनी आक्कासाहेब यांस गाडीत बसवून स्वारी निघाली. मग घाटात चिखल लागला आणि मागील एक चाक खळग्यावर अधांतरी राहिले, आणि गाडीची रीत ऐसी की मोकळे चाक सारा जोर खाते आणि भुईवरचे ढिम्म बसते. मग सरदारांनी डिफरन्शियल लॉकाचा खटका दाबिला, तो दोन्ही चाके जखडून एकदिलाने फिरली आणि गाडी वर आली. आक्कासाहेब बोलिल्या, "हैबती, पुढं कातळ आहे, वळण आहे. आता लॉक काढ बाबा."

सरदार बोलिले, "आक्का, पुढं ओढा चढतोय. पुन्हा रुतलो तर लेक दिसायची नाही."

ऐसे बोलोन लॉक तैसाच ठेविला. मग वळणावर बाहेरच्या चाकाने अधिक धावावे आणि आतल्याने कमी, ते लॉकामुळे घडेना, गाडी वळेना, सरदारांनी हट्टाने जोर केला आणि मागील चाकांचा आस, ज्यास ॲक्सल म्हणती, कडाडून मोडला. मग भावंडे पायीच ओढ्याकाठी आली, तो ओढा फुगलेला, गाडीवाचून पार होववेना. पैलतीरी सासुरवाडी, अंगणी पाळणा दिसे, पाळण्यातले दिसेना. मग बाईसाहेब लेकीस घेऊन काठी आल्या आणि आक्कासाहेबांनी तोंडाशी हात धरोन "कुर्रर्र! इंदुमती!" ऐसी आरोळी दिली, जे कानात सांगावे ते साऱ्या खोऱ्याने ऐकिले. लेक दचकोन रडू लागली आणि तो आवाज ऐकोन सरदारांचेही डोळे भरले. ओरडोन पुसिले, "अगं, नाक कुणावर गेलंय?"

बाईसाहेब पदराने डोळे पुसोन बोलिल्या, "येऊन बघा की!"

येणेप्रमाणे नाव पार जाहले आणि बाप अलीकडे राहिला. पाणी उतरेतो सरदारांनी काठ सोडिला नाही. घडले तितके लिहिले.