निवृत्त असल्याचा पुरावा

“पुढच्या हिवाळ्यात आपण समुद्राकाठी असू. ठरलं म्हणजे ठरलं,” असं निरीक्षकांनी जेवता जेवता जाहीर केलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासून ते नुकतेच निवृत्त झाले होते. गल्ली अजूनही त्यांना निरीक्षकच म्हणायची आणि भाजीवाला अजूनही त्यांना पाहून दोन टोमॅटो जास्त टाकायचा. ते दोन्ही टोमॅटो निरीक्षक परत ठेवायचे. इतकी वर्षं थंडीवाऱ्यात बाजार पालथे घालून गुडघ्यांची पार वाट लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, “उबदार हवेत गेलात तर हे गुडघे चालतील. इथे राहिलात तर काठी घ्या, आणि काठीला पण पुढे काठी लागेल.” निरीक्षकांना आता आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती: ऊन असलेल्या जागी दुपारची निवांत झोप.

परदेशातल्या निवृत्त माणसांना आनंदाने राहू देणारा एक देश त्यांनी शोधूनही काढला होता. अट एवढीच, की दरमहा ठरावीक उत्पन्न हवं आणि ते वर्षभर न चुकता बँकेत आलेलं दिसायला हवं. निरीक्षकांचं पेन्शन त्या रेषेच्या जरासं खाली राहत होतं. फार नाही, लबाड दुकानदार किलोमागे मारतो तेवढंच.

“त्यात काय एवढं, काका?” व्हिसाची कामं करणारा एजंट म्हणाला. “मेहुण्याला सांगा, दर महिन्याला तेवढी रक्कम तुमच्या खात्यात टाकेल. तुम्ही ती त्याला रोखीने परत करा. सगळे असंच करतात.”

निरीक्षक खुर्चीत ताठ बसले. “पारड्याच्या बुडाला मेण लावणारेही मला हेच सांगायचे. सगळे असंच करतात.”

“मग वरची खोली भाड्याने द्या,” एजंट सुस्कारा टाकून म्हणाला. “पण खऱ्या उत्पन्नाला खरी कटकट असते, बरं का.”

वरच्या खोलीत एक नर्स राहायला आली. शांत, नीटनेटकी, भाडं वेळेवर देणारी. तिची कायम रात्रपाळी असल्यामुळे ती दिवसा झोपायची. त्यामुळे दिवसा घरात रेडिओ बंद, मिक्सर बंद, आणि निरीक्षकांना शिंक आली की ते नाक धरून अंगणात पळायचे. दुपारी झोपायची सोय राहिली नाही, कारण निरीक्षक घोरत असत. “तुम्ही दुपारचे जागे राहा हो,” बायको कुजबुजली, “ती बिचारी रात्रभर जागी असते.”

हेही त्यांनी सोसलं असतं. पण भाडं आलं म्हणून कर वाढला, कर पेन्शनमधून कापला गेला आणि उत्पन्न पुन्हा रेषेखाली गेलं. निरीक्षकांनी तीनदा हिशेब केला. हिशेब बरोबर होता, हेच वाईट होतं.

म्हणून मागच्या खोलीसाठी दुसरा भाडेकरू शोधावा लागला. तो दिसायला अगदी निरुपद्रवी होता. पाठीवर लांबट पेटी होती. पेटीत काय आहे हे निरीक्षकांनी विचारलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या उघडायला लावणाऱ्या माणसाने नेमकी हीच पेटी बंद राहू दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स नुकती झोपली होती आणि मागच्या खोलीतून ट्रम्पेट वाजलं. भिंतीवरचं घड्याळ थरथरलं. नर्स जिन्यात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून निरीक्षकांना इंजेक्शन टोचल्यासारखं झालं.

“मी शिकवतो ना,” ट्रम्पेटमास्तर अजिजीने म्हणाला. “सकाळचा रियाज चुकवला तर ओठ बसतात.”

“बसू देत की,” नर्स म्हणाली.

“ओठ बसले तर मी भाडं कुठून देऊ?”

मग निरीक्षकांनी शास्त्रशुद्ध उपाय केला. आवाज अडवायला जाड, मऊ, गुबगुबीत काहीतरी लागतं, आणि घरात तसं एकच होतं. ते म्हणजे त्यांच्या गाद्या. वरच्या खोलीपासून सर्वांत लांब असलेली खोलीही एकच होती, ती म्हणजे त्यांची स्वतःची. तेव्हा मास्तर त्यांच्या खोलीत गेला, गाद्या भिंतींवर गेल्या, आणि निरीक्षक व त्यांची बायको जिन्याखालच्या अडगळीत सतरंजीवर आली. तिथे निरीक्षकांना सरळ उभं राहता येत नव्हतं. गुडघे वाकवून चालायची त्यांना तशीही सवय झाली होती.

मास्तर एकटा जीव. तो एकदा निरीक्षकांच्या बायकोच्या हातचं जेवला आणि म्हणाला, “मावशी, रोज जेवायला घालाल? पैसे देईन.” मग नर्सही जेवू लागली. मास्तरच्या शिष्यांनी वास घेतला. कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानातली माणसं हात पुसत पुसत एका दुपारी दारात आली, ती दुसऱ्या दिवशी भावंडांना घेऊन आली. बघता बघता ओसरीवर दोन पंगती बसायला लागल्या.

निरीक्षकांच्या बायकोत हा बदल कधी झाला, ते त्यांना कळलंच नाही. त्यांच्याशी चार शब्द बोलून गप्प होणारी ही बाई आता टायरवाल्यांना ओसरीवर दरडावत होती. “हात धुतलेस? हे धुतलेत? मग हा रंग जन्माचा आहे का?” ती मोजून मीठ टाकी, वाण्याशी उधारी वसूल करायला आल्यासारखी घासाघीस करी आणि रात्री पाठ टेकली की लगेच झोपे. निरीक्षकांकडे कांदे सोलणं, भांडी घासणं, तुंबलेली मोरी उघडणं आणि नर्सचा दरवाजा करकरला की त्याला तेल घालणं ही खाती आली.

“अगं, मी जरा पडू का?” एका दुपारी त्यांनी विचारलं.

“पडा ना. पण ती भांडी घासून पडा, दुसरी पंगत बसतेय.”

नोकरीत त्यांना रविवारी सुट्टी असायची. भांड्यांना रविवार नसायचा. ते फक्त दर महिन्याला बँकेत जाऊन येत आणि रेषेच्या वर गेलेला आकडा पाहून गुडघे चोळत. समुद्र महिन्यामहिन्याने जवळ येत होता.

वर्ष भरलं. एजंटने मुलाखतीआधी त्यांना बजावलं, “काका, कागद एकदम चोख आहेत. बाई विचारतील, दिवसभर काय करता. एवढंच म्हणायचं: वाचतो, फिरतो, आराम करतो. पुढे एक शब्द नाही.”

“पण मी आराम करत नाही.”

“काका, पाया पडतो.”

त्या देशाच्या व्हिसा कार्यालयात काचेमागे एक तरुण अधिकारी बाई बसली होती. निरीक्षक आणि त्यांची बायको समोरच्या खुर्च्यांवर टेकली. अधिकारी बाईने उत्पन्नाची पानं चाळली आणि प्रसन्न हसली. “छान. उत्पन्न पुरेसं आहे. आता एक साधा प्रश्न. तुमचा दिवस कसा जातो?”

निरीक्षकांनी तोंड उघडलं. वाचतो, असं म्हणायला जीभ वळेना. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांना नेमकं सांगायला लावलं होतं.

“पहाटे पाणी भरतो,” ते म्हणाले. “मग कांदे. कांद्यांनंतर नर्सबाई रात्रपाळीहून येतात, त्यांच्यासाठी जिना पुसून ठेवतो. मग मास्तर ट्रम्पेट वाजवायला लागतात, तेव्हा गाद्या सटकू नयेत म्हणून एक गादी धरून उभा राहतो. मग पहिली पंगत, भांडी, दुसरी पंगत, पुन्हा भांडी.”

अधिकारी बाईचे हात कीबोर्डवर थबकले. “हे रोज?”

“मोरी रोज तुंबत नाही,” निरीक्षक प्रामाणिकपणे म्हणाले.

“काका, हा निवृत्तांसाठीचा व्हिसा आहे.”

“मी निवृत्तच आहे.”

“कधीपासून?”

निरीक्षकांनी विचार केला. खूप विचार केला. शेजारी बायको खाकरली.

“आमच्या नियमात,” अधिकारी बाई हळुवारपणे म्हणाली, “निवृत्त माणसाचे पैसे आपोआप यायला हवेत. तुम्ही तर धंदा चालवताय.”

“ज्यांना पैसे आपोआप यायचे, त्यांना मी आयुष्यभर दंड केलाय, बाई.”

ती हसली नाही. तिने अर्ज बाजूला ठेवला, आणि बाजूला ठेवलेल्या कागदाचं पुढे काय होतं हे सरकारी नोकरी केलेल्या निरीक्षकांना कुणी सांगायची गरज नव्हती. समुद्र गेला. ऊन गेलं. उरलं जिन्याखालचं अंथरूण, आणि पुढचा हिवाळा.

“जेवायला किती माणसं असतात?” अधिकारी बाईने सहज विचारलं, पण या वेळी बायकोला.

“ते टायरवाल्यांवर आहे,” बायको म्हणाली. “गाड्या पंक्चर झाल्या की वाढतात. पण माझ्या दारातून उपाशी कुणी गेलेलं नाही, आणि पैसे बुडवूनही कुणी गेलेलं नाही.”

“आणि रात्री जागणारी नर्स आणि ट्रम्पेट एका घरात? वर्षभर?”

“दोघांना एकदा समोरासमोर बसवून जेवायला घातलं. तोंडात घास असला की माणूस ऐकून घेतो.”

अधिकारी बाईने खुर्ची पुढे ओढली. “खरं सांगू का, मावशी? आमच्या समुद्राकाठी निवृत्त लोक इतके झालेत, की त्यांची वसतिगृहं चालवायला माणूस मिळत नाही. सगळे आराम करतात. स्वयंपाक कोण करणार? खालच्या मजल्यावर नोकरीच्या व्हिसाची खिडकी आहे. तिथे जा, मी फोन करून ठेवते.”

“मी?” बायको म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला नोकरी देत होतं. तिने पदर सारखा केला आणि निरीक्षकांकडे न बघताच उठली. निरीक्षक तिच्या मागोमाग जिना उतरले, एका वेळी एक पायरी.

खाली भिंतीला टेकून एक बाक होता. त्यावर खिडकीतून ऊन पडलं होतं. निरीक्षक तिथे टेकले, फक्त गुडघ्यांना जरा विसावा म्हणून. मान आपोआप भिंतीला लागली. बऱ्याच लांबून त्यांना आवाज येत होते. खिडकीतला कारकून बायकोला काहीतरी विचारत होता, बायको धडाधड उत्तरं देत होती. किती वर्षांचा अनुभव, तर लग्न झाल्यापासून. मग कारकुनाने बाकाकडे पेन रोखलं.

“हे बरोबर येणार?”

“येणार. नवरा आहे.”

“काम काय करतात?”

बायकोने वळून पाहिलं. निरीक्षकांचं तोंड उघडं पडलं होतं आणि ते घोरत होते, अगदी लयीत.

“काही नाही,” ती म्हणाली.

“उत्पन्नाचा पुरावा जोडणार का यांच्या?”

“जोडायला हवा का?”

“छे,” कारकून शिक्का मारत म्हणाला. “यांना लागत नाही.”